इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर १३,०४० किलोमीटर, पण प्रवासाचे तास नेमके किती धरावेत?

रामबागकर (धागा सुरू करणारे)

नमस्कार. येत्या जानेवारीत आम्ही उभयता मुलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला जाणार आहोत आणि एप्रिलमध्ये इंदूरला परतणार आहोत. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को थेट विमानाचे तिकीट काढले आहे; इंदूर ते दिल्लीचे अजून काढायचे आहे. प्रवासाला किती वेळ लागतो, या साध्या प्रश्नाची मला चार निरनिराळी उत्तरे मिळाल्यामुळे हा धागा काढतो आहे.

अंतर सांगणारे एक संकेतस्थळ इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को हवाई अंतर १३,०४० किमी आणि वेळ १६ तास १८ मिनिटे देते. तिकिटावर पाहिले तर दिल्लीहून पहाटे २.३० ला सुटणारे विमान त्याच तारखेला पहाटे ५ वाजता पोहोचते, म्हणजे कागदोपत्री अडीच तासांत अमेरिका. तिकीट काढून देणाऱ्या गृहस्थांनी ‘काका, बावीस तास धरा’ असे सांगितले. मुलगी म्हणते, ‘बाबा, तीस तासांच्या खाली काही होत नाही.’ परतीच्या तिकिटावर सकाळी १० ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी ३.३० ला दिल्ली असे आहे. तेथील घड्याळ आपल्या साडेतेरा तास मागे असल्याने तो हिशोब मी बरोबर १६ तासांचा मांडला.

मी आयुष्यभर बँकेत ताळेबंद जुळवले आहेत, त्यामुळे चार आकडे जुळत नाहीत म्हणजे कोठेतरी नोंद चुकली आहे असे मला वाटते. जाणकारांनी खुलासा करावा.

---

मोजणीदार

रामबागकर, आपले चारही आकडे बरोबर असू शकतात, कारण ते चार निरनिराळ्या गोष्टींचे आहेत. मी भूमापन खात्यात होतो, म्हणून पहिल्या आकड्यापुरते बोलतो.

१३,०४० किमी हे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरचे सर्वांत लहान अंतर आहे. पृथ्वीच्या मध्यातून जाणाऱ्या प्रतलाने गोल कापला तर जे वर्तुळ मिळते त्याला बृहद्वृत्त म्हणतात, आणि दोन गावांमधला सर्वांत जवळचा मार्ग नेहमी अशाच वर्तुळाचा तुकडा असतो. हिशोब घरी करता येतो. इंदूर विमानतळ २२.७२ उत्तर अक्षांश आणि ७५.८० पूर्व रेखांशावर आहे, सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ ३७.६२ उत्तर आणि १२२.३८ पश्चिम रेखांशावर. पूर्वेकडून मोजल्यास रेखांशांतला फरक १६१.८ अंश येतो. दोन्ही अक्षांशांच्या ज्या (साइन) काढून त्यांचा गुणाकार घ्यावा. त्यात दोन्हींच्या कोटिज्या (कोसाइन) आणि रेखांशफरकाची कोटिज्या यांचा गुणाकार मिळवावा. उत्तर उणे ०.४५८ येते, एवढी कोटिज्या असलेला कोन ११७.३ अंशांचा असतो, आणि एक अंश म्हणजे १११.२ किमी. गुणाकार करून पाहावा.

गणिताचा कंटाळा असेल तर शाळेतला ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घ्यावा, दोन्ही ठिकाणी टाचणी टोचून दोरा ताणून धरावा. दोऱ्याची लांबी साडेतीस सेंटिमीटरांच्या थोडी वर भरेल. तो कोठून जातो ते मात्र नीट पाहावे. तो जपानकडे वळत नाही आणि लंडनकडेही नाही. इंदूरहून जवळजवळ नाकासमोर उत्तरेला निघतो, थेट ७५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि अलास्काच्या बाजूने खाली उतरतो.

---

तिलकनगर_काकू

मोजणीदार, तुमच्यावर अविश्वास नाही, परंतु आमच्या दिवाणखान्यात जगाचा मोठा नकाशा आहे. त्यावर पट्टी ठेवली तर रेषा सरळ चीन, जपान आणि पॅसिफिक महासागरावरून जाते. सरळ रेषेपेक्षा उत्तर ध्रुवाकडे वळसा घालणारा रस्ता जवळचा कसा असेल?

---

मोजणीदार

काकू, हा प्रश्न प्रत्येकाला एकदा पडतोच. तो नकाशा बहुधा मर्केटर पद्धतीचा असेल. मर्केटर या नकाशाकाराने १५६९ मध्ये ती पद्धत काढली ती खलाशांसाठी, कारण त्या नकाशावरच्या सरळ रेषेवर होकायंत्राची दिशा बदलत नाही आणि जहाज एकाच दिशेला धरून नेता येते. त्याची किंमत अशी की, उत्तरेकडचे प्रदेश त्यात अवाढव्य ताणले जातात. ग्रीनलँड आफ्रिकेएवढा दिसतो, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे. आपल्या पट्टीच्या रेषेची खरी लांबी काढली तर ती १५,५८० किमीच्या आसपास येते. म्हणजे नकाशावरची सरळ रेषा दोऱ्यापेक्षा अडीच हजार किलोमीटरांनी लांब आहे.

याच दोऱ्यावर एक गोष्ट मला फार आवडली. तो दिल्लीपासून जेमतेम साठ किलोमीटरांवरून जातो. म्हणून इंदूरकराला दिल्लीमार्गे जाण्याचा भुर्दंड जवळजवळ शून्य आहे: इंदूर–दिल्ली ६६२ किमी आणि दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,३८० किमी, बेरीज थेट अंतराएवढीच. मुंबईमार्गे गेल्यास तीच बेरीज १४,००० च्या वर जाते. दुबईमार्गे १५,१०० च्या पुढे. जुलै २०१९ मध्ये इंदूरहून पहिले आंतरराष्ट्रीय विमान दुबईलाच सुरू झाले, तेव्हा आमच्या गल्लीत अनेकांना अमेरिका जवळ आल्यासारखे वाटले होते. प्रत्यक्षात दुबईहून सॅन फ्रान्सिस्को जवळपास तेवढेच दूर आहे, जेवढे ते इंदूरहून.

---

मांडवीकर (वडोदरा)

आमच्याकडे सवयीने सगळे मुंबई गाठतात, कारण गाड्या भरपूर आहेत आणि नातेवाईकही तिकडेच. मोजणीदारांच्या पद्धतीने मी वडोदऱ्याचा हिशोब केला: थेट १३,१५० किमी, दिल्लीमार्गे त्याहून सुमारे २५ किमी जास्त आणि मुंबईमार्गे सातशेहून अधिक. ताळा पाहावा.

---

मोजणीदार

बरोबर आहे.

---

क्षिप्राकाठ (उज्जैन)

विषयाला धरूनच एक भर घालतो. प्राचीन भारतीय ज्योतिषात शून्य रेखांश मानला गेला तो उज्जयिनीतून जाणारा. उज्जैन ७५.७७ वर आणि इंदूरचा विमानतळ ७५.८० वर, म्हणजे रामबागकरांचे विमान अक्षरशः आपल्या पूर्वजांच्या मूळ रेषेवरून सुटणार आहे. भारतीय प्रमाणवेळ मात्र ८२.५ अंशांवरची आहे, त्यामुळे सवाई जयसिंगांनी बांधलेल्या आमच्या वेधशाळेत सूर्याचा मध्यान्ह सरासरीने घड्याळाच्या बारानंतर २७ मिनिटांनी होतो.

याचा प्रवासाशी संबंध असा की, घड्याळांमधला फरक आणि सूर्यामधला फरक एक नसतो. दर अंशाला चार मिनिटे या हिशोबाने इंदूर आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात सूर्याचे अंतर १३ तास १३ मिनिटे आहे. घड्याळे मात्र हिवाळ्यात साडेतेरा तासांचा फरक दाखवतात आणि उन्हाळ्यात साडेबारा.

---

रामबागकर

उन्हाळ्यात साडेबारा? म्हणजे माझ्या परतीच्या हिशोबात चूक आहे का?

---

क्षिप्राकाठ (उज्जैन)

आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. आपण जानेवारीत जाणार, तेव्हा फरक साडेतेरा तासांचा. दिल्लीहून पहाटे २.३० ला निघून तेथील ५ वाजता पोहोचणे म्हणजे आपल्या घड्याळात संध्याकाळचे ६.३०, प्रवास १६ तासांचा. एप्रिलमध्ये मात्र तेथील सकाळचे १० म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे १०.३० असतील, ११.३० नव्हेत. तेथून दुसऱ्या दिवशी दुपारी ३.३० पर्यंत १७ तास होतात. येताना एक तास जास्तच लागणार आहे. तो आपल्या वहीत घड्याळाच्या बदलाखाली लपला होता.

---

निवृत्त_डिस्पॅचर

तो एक तास का जास्त लागतो, हे सांगण्यासाठीच लिहायला बसलो आहे. विमान कोणत्या मार्गाने जाईल आणि किती इंधन घेईल याचा आराखडा उड्डाणापूर्वी काही तास आधी तयार होतो. ते काम मी अनेक वर्षे केले. मोजणीदारांचा दोरा हा आमच्यासाठी केवळ आरंभ असतो. त्या दोऱ्यावरून विमान जवळजवळ कधीच जात नाही.

पहिली अडचण दिल्लीच्या उत्तरेलाच उभी आहे. दोरा काराकोरम आणि तिबेटच्या पठाराच्या पश्चिम कडेवरून जातो. पर्वत विमानाला आपटेल अशी भीती नसते, विमान त्याच्या कितीतरी वर असते. परंतु केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला काही मिनिटांत सुमारे दहा हजार फुटांपर्यंत खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतला प्राणवायू साधारण पंधरा-वीस मिनिटेच पुरतो. ज्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटर, म्हणजे चौदा-पंधरा हजार फूट आहे, तेथे खाली येणार कोठे? म्हणून त्या भागावरून नियमित मार्ग फारच थोडे आहेत आणि विमाने त्याला पूर्वेकडून किंवा पश्चिमेकडून वळसा घालतात.

दुसरी अडचण माणसांनी केलेली आहे. पश्चिमेचा वळसा पाकिस्तानवरून जातो. ती हवाई हद्द २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद होती, आणि २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमानांना पुन्हा बंद झाली. त्यानंतर पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना अरबी समुद्रावरून फिरून जावे लागले आणि अमेरिकेच्या काही उड्डाणांना व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावे लागले. रशियाची हद्द २०२२ पासून अमेरिकी, कॅनेडियन आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. एकाच दोन शहरांमधले अंतर विमानाच्या शेपटीवरच्या झेंड्यानुसार बदलते, हे संकेतस्थळाला कोठून कळणार?

तिसरी गोष्ट वारा, आणि तीच सर्वांत मोठी. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिवेगवान प्रवाह असतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून ते टिपले. अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत लिहिल्यामुळे बाहेरच्या जगाचे त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. हिवाळ्यात हा प्रवाह जपान आणि उत्तर पॅसिफिकवर अत्यंत जोरदार असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये अशाच वाऱ्यावर, अटलांटिकवर, न्यूयॉर्कहून निघालेले ब्रिटिश एअरवेजचे विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचले होते. एरवी सहा-सात तास धरतात.

आता आपल्या मार्गावरचे उदाहरण. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सेवा सुरू केली तेव्हा विमान पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जात असे. तो मार्ग सुमारे १३,९०० किमीचा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी तेच विमान पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेले. मार्ग १५,३०० किमीचा झाला, म्हणजे १,४०० किमी जास्त, आणि तरीही विमान साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास लवकर पोहोचले. भागाकार केला तर वेग ताशी १,०५५ किमी येतो. त्या विमानाचा हवेतला स्वतःचा वेग ९०० च्या आसपास. उरलेले दीडशे वाऱ्याचे. एवढा एक प्रसंग समजला तर ‘अंतर किती’ हा प्रश्न विमानाच्या बाबतीत किती तोकडा आहे ते कळते.

संकेतस्थळाच्या १६ तास १८ मिनिटांविषयी सांगायचे तर १३,०४० ला ८०० ने भागून पाहावे. एवढेच त्यांनी केले आहे. अंतर खऱ्यापेक्षा कमी धरले, वेगही खऱ्यापेक्षा कमी धरला, आणि दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतल्यामुळे उत्तर तिकिटाच्या जवळ आले.

---

जुनी_इंदूर

सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. परंतु पूर्वेला जाताना वेळ कमी किंवा जास्त लागण्याचे कारण पृथ्वीचे फिरणे हेच आहे ना? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान हवेत असताना खालची जमीन सरकत राहते.

---

निवृत्त_डिस्पॅचर

तसे असते तर पूर्वेला जाणाऱ्याला जमीन पुढे पळताना दिसली असती आणि पूर्वेचा प्रवास जास्त वेळ घेतला असता. अनुभव नेमका उलटा आहे. विमान सुटण्याआधीच पृथ्वीबरोबर फिरत असते आणि भोवतीची हवाही फिरत असते. धावत्या मालवा एक्सप्रेसच्या डब्यात आपण इंजिनाकडे चाललो काय आणि गार्डाकडे चाललो काय, पावले तेवढीच पडतात. पृथ्वीच्या फिरण्याचा भाग एवढाच की, विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे निघालेली उष्ण हवा त्यामुळे पूर्वेकडे वळते आणि जेट प्रवाह तयार होतो. कारण दूरचे आहे, थेट नाही.

---

तिलकनगर_काकू

तुमची विमाने उंचावर जी काही करायची ती करोत, पण आमचा अनुभव जमिनीवरचा आहे. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी मुलाकडे निघाले. इंदूर–दिल्ली वेगळ्या कंपनीचे स्वस्त तिकीट घेतले होते आणि दिल्लीत सहा तासांचे अंतर ठेवले होते. इंदुरात स्वच्छ ऊन होते, पण दिल्लीत धुके असल्याने आमचे सकाळचे विमान पाच तास उशिरा सुटले. दिल्लीला सामान घेऊन बाहेर येईपर्यंत पुढच्या विमानाचा काउंटर बंद झाला होता. दोन्ही तिकिटे स्वतंत्र असल्याने कोणीही जबाबदारी घेतली नाही. नवे तिकीट पदरच्या पैशांनी काढले. रामबागकर, दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असतील तर सामान थेट पुढे जाते आणि विमान चुकल्यास पुढची व्यवस्था कंपनीला करावी लागते. आपले मोठे तिकीट आधीच निघालेले असल्याने कंपनीला विचारून तो टप्पा त्यातच जोडता येतो का ते पाहावे.

---

जुनी_इंदूर

किंवा आदल्या रात्रीच्या गाडीने दिल्ली गाठावी.

---

तिलकनगर_काकू

जानेवारीच्या धुक्यात गाडी तरी कोठे वेळेवर येते?

---

निवृत्त_डिस्पॅचर

काकूंचा मुद्दा महत्त्वाचा आहे. दिल्लीचे धुके मध्यरात्रीनंतर दाटते आणि बहुधा सकाळी उशिरापर्यंत राहते. दुपारी दृश्यमानता सहसा सुधारते. म्हणून इंदूरहून दुपारचे विमान घ्यावे. विमानतळावर आठ-दहा तास बसावे लागेल, पण ते तास मोजूनमापून दिलेले असतील.

तिकिटावरच्या १६ तासांविषयीही एक खुलासा करतो. ती वेळ चाकांखालचे अडसर काढल्यापासून पलीकडे पुन्हा लावेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग, उतरण्याआधी घातलेल्या घिरट्या आणि कंपनीने राखलेली थोडी गंगाजळीही असते. प्रत्यक्ष हवेतला वेळ त्याहून कमी भरतो. वीस मिनिटे उशिरा सुटलेले विमान वेळेआधी पोहोचते ते याच गंगाजळीतून.

---

रामबागकर

सर्वांचे मनापासून आभार. इंदूर–दिल्ली दुपारी १.३० चे विमान त्याच पीएनआरवर जोडून मिळाले. सौभाग्यवतींच्या सकाळ-संध्याकाळच्या गोळ्यांचे काय, हा प्रश्न घरात निघाला. डॉक्टरांनी तारखा विसरून दोन गोळ्यांमधले तास मोजायला सांगितले आहे. त्यासाठी एक मनगटी घड्याळ घरी परतेपर्यंत इंदूरच्या वेळेवरच ठेवणार आहे.

---

रामबागकर (जानेवारीअखेर)

मुलीच्या घरून लिहितो आहे. इंदूरच्या घड्याळावर नोंदी ठेवल्या होत्या, त्या जशाच्या तशा देतो.

घरातून सकाळी ११.१५ ला निघालो. दिल्लीला ३.०५ ला उतरलो. तेथे पावणेबारा तास काढले. पुलाव, दोन वेळा चहा, आणि सौभाग्यवतींनी बरोबर घेतलेली सेव. पहाटे २.३० चे विमान २.५० ला हलले. समोरच्या पडद्यावर ते पूर्वेला निघालेले दिसले तेव्हा मी डिस्पॅचर साहेबांची आठवण काढली: म्यानमार, चीन, जपान आणि मग संपूर्ण निळे पाणी. जपान ओलांडल्यावर वेग ताशी १,०८० किमीपर्यंत गेलेला मी स्वतः पाहिला. संध्याकाळी ६.१५ ला, म्हणजे तेथील पहाटे पावणेपाचला, विमान दाराशी लागले. वीस मिनिटे उशिरा निघून पंधरा मिनिटे लवकर पोहोचलो. इमिग्रेशनच्या रांगेतून आणि सामानाच्या पट्ट्यावरून बाहेर पडायला दीड तास गेला, घर गाठायला आणखी एक तास. दारात पाऊल ठेवले तेव्हा इंदूरच्या घड्याळात रात्रीचे ८.५० झाले होते.

एकूण ३३ तास ३५ मिनिटे, त्यांपैकी विमान दारापासून दारापर्यंत १७ तास. ६६२ किलोमीटर पार करून पुढच्या विमानाची वाट पाहण्यात जेवढा वेळ गेला, त्याहून केवळ दोन तास पाच मिनिटे जास्त उरलेल्या साऱ्या पृथ्वीला लागली. मुलीचा आकडा सर्वांत जवळचा ठरला, हे तिला सांगितले आहे.

---

मोजणीदार

नोंदी उत्तम ठेवल्या आहेत. परतीच्या नोंदीही याच धाग्यावर द्याव्यात, आणि विमान पश्चिमेने येते की उत्तरेने तेवढे पडद्यावर पाहून ठेवावे.

---

रामबागकर

अवश्य. घड्याळ इंदूरच्याच वेळेवर आहे.